‘झोकून देणे’ इंग्रजीत कसे लिहावे: ‘थ्रो वनसेल्फ इनटू’चा अर्थ आणि वापर

जीव ओतून काम करणाऱ्या माणसाबद्दल बोलताना आपण ‘तिने स्वतःला कामात झोकून दिले’ असे अगदी सहज म्हणतो, आणि तेच इंग्रजीत लिहायची वेळ आली की बहुतेकांची लेखणी ‘शी वर्क्ड व्हेरी हार्ड’ एवढ्यावर येऊन थांबते. हे वाक्य चुकीचे नाही. पण त्यात मेहनत आली, झोकून देणे आले नाही. याची हळहळ अशासाठी वाटते की या एका बाबतीत इंग्रजी आपल्याला मुळीच परकी नाही. ‘थ्रो’ म्हणजे फेकणे, ‘वनसेल्फ’ म्हणजे स्वतःला आणि ‘इनटू’ म्हणजे आत. तिन्ही एकत्र आले की ‘थ्रो वनसेल्फ इनटू’, म्हणजे शब्दाने आणि भावाने स्वतःला एखाद्या गोष्टीत झोकून देणे. मराठी माणसाला याचा अर्थ पाठ करावा लागत नाही, तो त्याच्याकडे आधीच आहे. चूक होते ती सांध्यांवर: ‘स्वतःला’ या शब्दाचे इंग्रजीत काय होते, ‘कामात’ मधल्या ‘त’ प्रत्ययाचे काय होते आणि त्यापुढे कोणता शब्द बसतो. हे तीन सांधे नीट बसले की वाक्य निर्दोष होते, म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

त्याआधी छटेबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण चित्र एकच असले तरी दोन्ही भाषांत त्याचे वजन सारखे नाही. मराठीत ‘झोकून देणे’ म्हटले की स्वातंत्र्यलढा, समाजकार्य, एखादी चळवळ असे काहीतरी मोठे डोळ्यांपुढे येते. इंग्रजी वाक्प्रयोगाला एवढ्या मोठ्या निमित्ताची गरज लागत नाही. बहिणीच्या लग्नाच्या तयारीत पंधरा दिवस राबलेला भाऊ, गॅदरिंगच्या नाटकात मन घालून काम करणारा विद्यार्थी, नव्या गावी बदली होऊन गेल्यावर तिथली भाषा शिकायला बसलेला कारकून, या सगळ्यांसाठी तो निःसंकोच वापरला जातो. ‘ही थ्रू हिमसेल्फ इनटू द वेडिंग प्रिपरेशन्स’ हे वाक्य इंग्रजीत अजिबात जड वाटत नाही. त्यात तीन गोष्टी मात्र असाव्या लागतात: कामाला भिडण्यातला जोर, काहीही हातचे न राखण्याची वृत्ती, आणि उडी घेतल्याचा एक क्षण. काम किती वर्षे चालले हे या वाक्प्रयोगात सांगितलेले नसते. माणूस त्यात कसा शिरला हे सांगितलेले असते. ‘थ्रो’ या क्रियापदाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ पिळणे किंवा फिरवणे असा होता, आणि तो आजही एका ठिकाणी टिकून आहे: कुंभार चाकावर मडके घडवतो त्या क्रियेला इंग्रजीत ‘थ्रो’ हेच क्रियापद लागते. आपल्या वाक्प्रयोगात मात्र फेकण्याचाच अर्थ घ्यायचा.

आता पहिला सांधा. मराठीत मी, तू, तो, ती, आम्ही, ते, कोणीही असो, ‘स्वतःला’ हा शब्द तसूभरही बदलत नाही. इंग्रजीत तो कर्त्याप्रमाणे बदलतो: ‘आय’ असेल तर ‘मायसेल्फ’, ‘ही’ला ‘हिमसेल्फ’, ‘शी’ला ‘हरसेल्फ’, ‘वुई’ला ‘अवरसेल्व्ह्ज’, ‘दे’ला ‘देमसेल्व्ह्ज’, आणि ‘यू’च्या बाबतीत समोर एकच व्यक्ती असेल तर ‘युवरसेल्फ’, अनेक असतील तर ‘युवरसेल्व्ह्ज’. शब्दकोशात मात्र हा वाक्प्रयोग ‘वनसेल्फ’ असाच छापलेला असतो, आणि तो तिथून जसाच्या तसा उचलून ‘आय थ्रू वनसेल्फ इनटू माय स्टडीज’ असे लिहिणारे विद्यार्थी मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. कोशातला ‘वनसेल्फ’ ही केवळ रिकामी जागा आहे. कर्ता पाहून ती भरायची असते. ‘हिजसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ह्ज’ ही रूपे ‘मायसेल्फ’च्या वळणावर बनवली जातात, पण प्रमाण इंग्रजीत ती नाहीत.

दुसरी एक चूक खास आपली आहे, कारण तिचे मूळ आपल्या आदरार्थी बहुवचनात आहे. ‘कर्वे यांनी स्वतःला झोकून दिले, ते रात्रंदिवस काम करत’ असे आपण एका माणसाबद्दल आदराने लिहितो. इंग्रजीत तो आदर वचनातून दाखवला जात नाही, त्यामुळे एका पुरुषासाठी ‘हिमसेल्फ’ आणि एका स्त्रीसाठी ‘हरसेल्फ’ हेच यायला हवे. मराठी मजकूर समोर ठेवून इंग्रजी करताना ‘ते’ दिसले की हात आपोआप ‘देमसेल्व्ह्ज’कडे जातो, आणि वाचणाऱ्याला वाटते की लेखक अनेक माणसांबद्दल बोलतो आहे. आपल्याकडच्या स्मरणिका, मानपत्रे आणि संस्थांच्या परिचयपुस्तिका इंग्रजीत करताना ही चूक फार होते. ज्यांचा गौरव करायचा त्यांच्याच नावापुढे ती उमटते, म्हणून ती अधिक सलते.

या शब्दाबद्दल आणखी एक गोष्ट मला फार जाणवते. ओळख करून देताना ‘मायसेल्फ सुनील’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. तिथे ‘मायसेल्फ’ नको असतो, ‘आय अॅम सुनील’ एवढेच पुरते. आणि जिथे ‘मायसेल्फ’ हवाच असतो, त्या ‘थ्रो’च्या पुढे तो नेमका गळतो. असे होण्याचे कारण शिकवण्यात आहे. आत्मवाचक सर्वनामे शाळेत तक्त्यातून पाठ करून घेतली जातात, पण ती कोणत्या क्रियापदाबरोबर लागतात हे सांगितले जात नाही. कर्त्याची क्रिया वळून त्याच्याच अंगावर येते तेव्हा ‘सेल्फ’ लागतो. झोकणारी ती आणि झोकली जाणारीही तीच, म्हणून ‘थ्रू हरसेल्फ’. ‘हरसेल्फ’ काढून टाकला तर ‘शी थ्रू इनटू हर वर्क’ उरते, आणि वाचणारा विचारतो की तिने कामात काय फेकले.

दुसरा सांधा ‘इनटू’चा. मराठीत ‘पाण्यात उडी मारली’ आणि ‘मासा पाण्यात आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘पाण्यात’ हे एकच रूप चालते. आत जाणे आणि आत असणे यांसाठी आपण निराळे प्रत्यय वापरत नाही. इंग्रजीत आत असण्याला ‘इन’ आणि बाहेरून आत जाण्याला ‘इनटू’. झोकून देण्यात हालचाल आहे, म्हणून ‘इनटू’. भर बोलण्यात ‘इनटू’मधल्या ‘टू’वर जोर पडत नाही, तो अर्धवट ऐकू येतो आणि ‘इन’ एवढेच कानात राहते. त्यामुळे ऐकून शिकलेला माणूस ‘थ्रू हिमसेल्फ इन वर्क’ असे लिहून बसतो. हा फरक लक्षात ठेवण्यासाठी दोन जोड्या एकत्र ठेवाव्यात. ‘ही थ्रू हिमसेल्फ इनटू हिज वर्क’ म्हणजे त्याने कामात उडी घेतली. ‘ही इज अॅब्सॉर्ब्ड इन हिज वर्क’ म्हणजे तो कामात गढून गेला आहे. उडी झाली, आता तो आत आहे. ‘इमर्स्ड’, ‘एन्ग्रॉस्ड’ यांच्यापुढेही असाच ‘इन’ येतो. ‘बरी वनसेल्फ इन’ म्हणजे कामात स्वतःला गाडून घेणे. त्यालाही ‘इन’च लागतो, पण त्याची छटा सांभाळावी, कारण त्यात पुष्कळदा दुःखापासून किंवा माणसांपासून तोंड लपवण्याचा भाव असतो. पती गेल्यावर एखाद्या बाईबद्दल ‘थ्रू हरसेल्फ इनटू हर वर्क’ असे म्हटले तर तिने उभारी धरली असे वाटते. ‘बरीड हरसेल्फ इन हर वर्क’ असे म्हटले तर तिने दार लावून घेतले असे वाटते. दोन्ही खरे असू शकते, पण लिहिणाऱ्याने कोणते म्हणायचे आहे ते ठरवूनच शब्द उचलावा.

तिसरा सांधा सोपा आहे, पण आपल्या ‘साठी’मुळे अवघड होऊन बसतो. ‘इनटू’च्या पुढे एक तर नाम येते किंवा ‘इंग’ लावलेले क्रियापद येते. ‘शी थ्रू हरसेल्फ इनटू रिस्टोअरिंग द ओल्ड वाडा’ म्हणजे जुन्या वाड्याच्या डागडुजीत तिने स्वतःला झोकून दिले. इथे ‘इनटू टू रिस्टोअर’ किंवा ‘इनटू फॉर रिस्टोअर’ ही रूपे होत नाहीत. ‘वाडा वाचवण्यासाठी’ असे मनात आले की ‘टू’ किंवा ‘फॉर’ लेखणीवर येतातच. अशा वेळी मराठी वाक्य आधी ‘वाडा वाचवण्यात’ असे फिरवून घ्यावे, म्हणजे ‘वाचवण्यात’मधला ‘ण्यात’ आणि इंग्रजीतला ‘इंग’ समोरासमोर येतात. हा उपाय मी अनेकांना सांगितला आहे आणि तो कामी येतो.

हे तिन्ही सांधे एकाच वाक्यात कसे सुटतात ते जवळून पाहू. परदेशी नोकरीसाठी अर्ज करणारी एक परिचारिका माझ्याकडे आपला मजकूर तपासून घ्यायला आली होती. साथीच्या काळात तिने आपल्या वॉर्डात जे केले ते तिला एका वाक्यात सांगायचे होते, आणि तिने लिहिले होते: ‘ड्युरिंग पँडेमिक आय थ्रो इन वर्क टू सेव्ह पेशंट्स.’ अर्थ कळत होता. तिच्या मनातले मराठी वाक्यही मला ऐकू येत होते. आम्ही दोघांनी ते एकेका पायरीने दुरुस्त केले. घडून गेलेली गोष्ट आहे म्हणून ‘थ्रो’चे ‘थ्रू’ झाले. कोणाला झोकले, असे विचारल्यावर ती लगेच ‘स्वतःला’ म्हणाली आणि ‘मायसेल्फ’ आला. ‘इन’चा ‘इनटू’ झाला. मग मी विचारले की नेमके कोणते काम, कारण नुसते ‘वर्क’ कोणीही लिहील. तिने सांगितले की व्हेंटिलेटरवरून उतरलेल्या रुग्णांना पुन्हा बसते करणे, त्यांना चार घास भरवणे, त्यांचा श्वासाचा व्यायाम घेणे हे काम तिच्याकडे होते. शेवटी वाक्य असे झाले: ‘ड्युरिंग द पँडेमिक आय थ्रू मायसेल्फ इनटू हेल्पिंग पेशंट्स सिट, ईट अँड ब्रीद ऑन देअर ओन अगेन.’ ‘टू सेव्ह’ गेले आणि त्या जागी ‘हेल्पिंग’ आले. व्याकरण तर सुधारलेच, पण तिचे काम दिसू लागले. या वाक्प्रयोगापुढे जितके नेमके नाम किंवा काम ठेवाल तितका तो खरा वाटतो. ‘वर्क’ आणि ‘लाइफ’ हे शब्द पुढे आले की तो फिका पडतो.

काळाच्या रूपांबाबत फार सांगण्यासारखे नाही. ‘थ्रो’, ‘थ्रू’, ‘थ्रोन’ अशी तीन रूपे आहेत. भूतकाळाचे ‘थ्रू’ कानाला हुबेहूब ‘आरपार’ या अर्थाच्या ‘थ्रू’सारखे लागते आणि ‘थ्रोन’ सिंहासनासारखे. म्हणून बोलताना अडचण नसली तरी लिहिताना वर्णांकडे लक्ष द्यावे. भूतकाळाचे रूप टी, एच, आर, ई, डब्ल्यू असे पाच अक्षरांचे आहे, आणि ‘थ्रोन’मधला ‘डब्ल्यू’ गाळून शेवटी ‘ई’ लावला तर माणूस कामात न जाता सिंहासनावर जाऊन बसतो. ‘झोकून दिले आहे’ या आपल्या रूपाला ‘हॅज थ्रोन’ बरोबर जुळते. कर्मणी प्रयोग मात्र करू नये. ‘तिच्याकडून कामात झोकले गेले’ हे आपल्यालाही जसे खटकते तसेच ते इंग्रजीतही खटकते.

जोर वाढवायचा असेल तर मराठीतल्या ‘खूप’ऐवजी ‘व्हेरी’ घालता येत नाही, कारण ‘व्हेरी’ थेट क्रियापदाला चिकटत नाही. ‘होलहार्टेडली’, ‘कम्प्लीटली’, ‘स्ट्रेट’ हे शब्द ‘हरसेल्फ’ आणि ‘इनटू’ यांच्या मधोमध छान बसतात: ‘शी थ्रू हरसेल्फ होलहार्टेडली इनटू द कॅम्पेन.’ ‘रिअली’ क्रियापदाच्या आधी येतो. आजारपण किंवा बाळंतपण संपवून माणूस पुन्हा कामाला भिडला असेल तर मध्ये ‘बॅक’ घालावा, ‘थ्रू हिमसेल्फ बॅक इनटू ट्रेनिंग’. एवढ्याशा शब्दाने मागची सारी खंड पडल्याची हकीकत वाक्यात येते. व्याकरणाच्या काटेकोर परिभाषेत ‘इनटू’ हे इथे शब्दयोगी अव्ययच आहे, म्हणून ‘गिव्ह अप’मधला ‘अप’ जसा नामाच्या पुढे-मागे सरकवता येतो तसा हा सरकत नाही. रोजच्या बोलण्यात आणि शिकवण्यात याला फ्रेजल व्हर्बच, म्हणजे क्रियापद आणि अव्यय मिळून झालेला प्रयोगच म्हणतात, आणि त्यावरून वाद घालण्यात काही हशील नाही.

याहून मोठा धोका दुसरीकडे आहे. ‘थ्रो वनसेल्फ’ एवढा भाग तसाच ठेवून पुढचे अव्यय बदलले की अर्थ पार पालटतो. ‘अॅट’ आला आणि पुढे माणूस असला, तर ‘ही थ्रू हिमसेल्फ अॅट हर’ म्हणजे तो तिच्या अंगावर धावून गेला किंवा लाज सोडून तिच्या मागे लागला. ‘मी सरांच्या मार्गदर्शनाखाली स्वतःला झोकून दिले’ हे लिहिताना घाईत ‘अॅट’ पडला तर काय वाचले जाईल याची कल्पना करावी. ‘थ्रो वनसेल्फ ऑन समवन्स मर्सी’ म्हणजे कोणाच्या तरी दयेवर स्वतःला सोडणे, शरण जाणे. न्यायालयाच्या संदर्भात हा प्रयोग पुष्कळदा येतो. आणि ‘इनटू’च्या पुढे नदी, विहीर, आग असे नाम आले तर अर्थ शरीराने उडी टाकण्याचा होतो, आपल्याकडेही होतो तसाच. त्यामुळे ‘थ्रू हरसेल्फ इनटू द रिव्हर प्रोजेक्ट’ असे लिहिताना ‘प्रोजेक्ट’ हा शब्द पुढच्या ओळीवर जाणार नाही एवढी काळजी फलकावर किंवा मथळ्यात घेतलेली बरी. ‘थ्रो इन द टॉवेल’ याचाही या कुटुंबाशी अर्थाने काही संबंध नाही. मुष्टियुद्धात आपल्या माणसाचा पराभव मान्य करण्यासाठी रिंगणात टॉवेल टाकतात, त्यावरून तो हार पत्करण्यासाठी रूढ झाला. शब्द जवळचे, अर्थ नेमका उलटा.

आता ‘डिव्होट’कडे वळू, कारण ‘झोकून देणे’ जिथे बसत नाही तिथे आपल्याला ‘वाहून घेणे’ लागते, आणि त्याचे इंग्रजी रूप हेच. ‘डिव्होट’ लॅटिनमधून आला आहे. त्याच्या पोटात नवस किंवा व्रत या अर्थाचे क्रियापद आहे. मराठीत आपण देवाला फुले वाहतो, बेल वाहतो, आणि त्याच क्रियापदाने स्वतःला कार्याला ‘वाहून घेतो’. म्हणजे इथेही दोन्ही भाषा देवासमोर येऊन मिळतात. या शब्दाच्या मुळाशी असलेला विधी लिव्ही या रोमन इतिहासकाराने वर्णन केला आहे. इ. स. पू. ३४० मध्ये लॅटिन लोकांशी झालेल्या लढाईत रोमन फळी मागे हटू लागली, तेव्हा पब्लियस डेसियस मुस या सेनापतीने पुरोहिताने सांगितलेले शब्द उच्चारून स्वतःला आणि शत्रूच्या सैन्याला पाताळातल्या देवांच्या नावे वाहिले, आणि घोड्यावर स्वार होऊन तो शत्रूच्या गर्दीत घुसला. त्याने आधी स्वतःला वाहिले आणि मग स्वतःला झोकून दिले. या एका प्रसंगात आपले दोन्ही वाक्प्रयोग एकामागून एक उभे आहेत, आणि त्यांच्यातला फरकही त्यातच दिसतो: वाहणे हा संकल्प, झोकणे ही उडी.

हा फरक मराठी वाचकाला आपल्याच इतिहासातून अधिक चटकन पटेल. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, आणि १९६२ मध्ये शंभरी उलटून ते गेले तोवर स्त्रीशिक्षण हेच त्यांचे कार्य राहिले. त्यांच्यासाठी ‘कर्वे डिव्होटेड हिज लाइफ टू विमेन्स एज्युकेशन’ हे वाक्य योग्य, कारण त्यात दीर्घ काळ आहे, ठरवून दिलेले आयुष्य आहे. सावित्रीबाई फुले यांनीही आयुष्यभर शिक्षणाला वाहून घेतले होते, पण १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या सावित्रीबाई मुलगा यशवंत याच्यासह रुग्णांच्या सेवेत उतरल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. त्या काही आठवड्यांसाठी ‘शी थ्रू हरसेल्फ इनटू नर्सिंग प्लेग पेशंट्स’ याहून अचूक इंग्रजी मला सुचत नाही. तिथे ‘डिव्होटेड’ लिहिले तर वाक्य थंड होते. कर्व्यांच्या वाक्यात ‘थ्रू हिमसेल्फ’ घातले तर सहा-सात दशकांचे काम एका उडीत संपल्यासारखे वाटते.

‘डिव्होट’ वापरताना एक गाठ सोडवावी लागते, आणि ती या लेखातली सर्वांत चिवट गाठ आहे. ‘डिव्होट’पुढचा ‘टू’ हा ‘कडे’ किंवा ‘ला’ या अर्थाचा आहे. ‘वाँट टू गो’मधला ‘टू’ तो नाही. म्हणून ‘ही डिव्होटेड हिमसेल्फ टू सर्व्ह द पूअर’ हे चूक आणि ‘टू सर्व्हिंग द पूअर’ हे बरोबर. कुठला ‘टू’ कोणता हे ओळखण्यासाठी त्याच्यापुढे ‘ते’ या अर्थाचे ‘इट’ हे सर्वनाम ठेवून पाहावे. ‘डिव्होटेड टू इट’ चालते, म्हणजे तिथे नाम किंवा ‘इंग’ हवे. ‘वाँट टू इट’ चालत नाही, म्हणजे तिथे साधे क्रियापद हवे. हीच परीक्षा ‘लुक फॉरवर्ड टू’ला लावली की कचेरीतल्या पत्रांखाली दिसणारे ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ का चुकते आणि ‘हिअरिंग’ का हवे तेही कळते. ‘डेडिकेट’लाही हाच नियम. त्याशिवाय ‘डिव्होट’ला स्वतःऐवजी वेळही वाहता येतो, ‘शी डिव्होट्स अॅन अवर अ डे टू रियाज’, आणि ‘थ्रो’ला ते जमत नाही, रोज ठरलेला एक तास कोणी झोकून देत नाही.

विशेषणाच्या रूपात ‘डेडिकेटेड’ आणि ‘डिव्होटेड’ वेगळे वागतात. ‘डेडिकेटेड टीचर’ म्हणजे कामाशी इमान राखणारी शिक्षिका, ‘डिव्होटेड डॉटर’ म्हणजे आईवडिलांवर जीव असणारी मुलगी. अर्जात ‘आय अॅम अ डिव्होटेड एम्प्लॉयी’ लिहिले तर कंपनीवर भक्ती असल्यासारखे वाटते. तिथे ‘डेडिकेटेड’ घ्यावा. अब्राहम लिंकन यांनी १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्गच्या दफनभूमीवर केलेल्या छोट्या भाषणात ‘डेडिकेट’ हा शब्द दोन्ही अंगांनी खेळवला आहे: आधी जमीन अर्पण करण्यासाठी, मग जिवंत माणसांनी अपुऱ्या कामाला वाहून घेण्यासाठी. ज्याला हा शब्द मुरवायचा आहे त्याने ते भाषण मोठ्याने वाचावे. ते तीन मिनिटांत वाचून होते.

‘झोकून दिले’मधल्या ‘दिले’चे शब्दशः ‘गेव्ह’ करण्याच्या मोहात मात्र पडू नये. ‘ही गेव्ह हिमसेल्फ अप’ एवढेच लिहिले तर तो पोलिसांना शरण गेला असा अर्थ होतो, आणि ‘ही गेव्ह अप’ म्हटले तर त्याने नाद सोडला.

उडी आणि व्रत झाले, राहिली चिकाटी. मराठीत चिकट या शब्दावरून चिकाटी झाली. इंग्रजीतही चिकटण्याच्या ‘स्टिक’वरूनच ‘स्टिक अॅट इट’ झाले. कंटाळा आला, जमत नाही असे वाटले, तरी सोडू नकोस, हे सांगायला ‘स्टिक अॅट इट’ किंवा ‘कीप अॅट इट’. ‘स्टिक टू’ मात्र ठरवलेल्या गोष्टीपासून न ढळण्यासाठी आहे: बेत, शब्द, पथ्य. पोराला गणित अवघड जात असताना ‘स्टिक टू इट’ म्हटले तरी चालेल, पण ‘अॅट’मध्ये झगडण्याची जी जाणीव आहे ती त्यात कमी. आणि ‘कंबर कसून बस’ यासाठी ‘बकल डाउन’ किंवा ‘नकल डाउन’. ‘नकल’ म्हणजे बोटाचे पेर. गोट्या खेळताना हात जमिनीला टेकवून नेम धरण्यावरून हा प्रयोग आला असे सांगतात, आणि ज्याने अंगणात गल मारली आहे त्याला ती एकाग्रता समजावून सांगावी लागणार नाही. हे दोन्ही अनौपचारिक आहेत, घरी आणि वर्गात बोलण्यासाठी. अर्जात लिहू नयेत.

‘थ्रो वनसेल्फ इनटू’ कुठे लिहावा याबद्दल माझे मत असे आहे. दुसऱ्याबद्दल लिहिताना, म्हणजे शिफारसपत्रात, श्रद्धांजलीत, परिचयात तो उत्तम शोभतो. स्वतःबद्दल लिहिताना कारकिर्दीच्या संक्षिप्त नोंदीत तो घालू नये, कारण तिथे क्रिया आणि फलित एवढेच मागितलेले असते. सोबतच्या पत्रात मात्र एकदा, नेमक्या कामासह, जरूर यावा. शास्त्रीय निबंध किंवा करारनामा यांत त्याचे काम नाही.

सरावासाठी कोशातली तयार वाक्ये उतरवून काढण्यापेक्षा रविवारच्या पुरवणीतले एखाद्या कार्यकर्त्यावरचे मराठी लेख घ्यावेत. त्यात ‘झोकून दिले’, ‘वाहून घेतले’, ‘चिकाटीने केले’ हे शब्द हमखास सापडतात. प्रत्येक ठिकाणी आधी विचारावे की इथे उडी आहे, व्रत आहे की टिकून राहणे आहे. मग कर्ता एक आहे की आदरार्थी एक आहे की खरोखर अनेक, ते पाहून ‘सेल्फ’ निवडावा. आणि शेवटी ‘कार्यात’ या मोघम शब्दाच्या जागी तो माणूस सकाळी उठून नेमके काय करत असे ते ‘इंग’ लावून लिहावे. परवाच एका लेखात ‘त्यांनी जलसंधारणाच्या कार्यात स्वतःला झोकून दिले’ असे वाक्य होते आणि खाली छायाचित्रात एक वयस्क बाई कुदळ घेऊन उभ्या होत्या. माझ्या वहीत ते ‘अॅट सिक्स्टी शी थ्रू हरसेल्फ इनटू डिगिंग ट्रेंचेस ऑन द हिल अबव्ह हर व्हिलेज’ असे उतरले.